चोरून धरलेले रोजे

रमजानात चोरून खाणारे मी पुष्कळ पाहिलेत. आमच्या मोहल्ल्यात भर दुपारी कोणत्या हॉटेलाच्या पडद्यामागे कोण बसतं, ते मी नावानिशी सांगू शकते. पण चोरून रोजा धरणारी बाई अख्ख्या पनवेलमध्ये मी एकटीच असेन. घरच्यांना वाटायचं मी खाते, आणि मी उपाशी. असला उफराटा कारभार कुणी का करावा, हे सांगायचं तर मुळापासून सांगावं लागेल. आणि मूळ अशा जागी आहे की तिचं नाव कुणी घेत नाही.

मी हादिया. वय एकतीस. शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. नवरा नोमान कतारला एसी दुरुस्तीच्या कामावर सुपरवायझर आहे. त्याला वर्षाला पंचेचाळीस दिवसांची सुट्टी मिळते. लग्नाला सहा वर्षं झाली, म्हणजे यंदाची सुट्टी धरून दोनशे सत्तर दिवस आम्ही एका छपराखाली राहिलो. नऊ महिने. तेवढ्यात लोकांना मूल होतं. आम्हाला नाही, आणि ते का नाही याबद्दल मोहल्ल्यात ज्याला त्याला आपापलं मत आहे.

उरलेला सगळा काळ घरात मी आणि माझी सासू. जमिला त्यांचं नाव, मी अम्मी म्हणते. सासरे जहाजावर होते. मी या घरात आले त्याच्या दोन वर्षं आधीच ते वारले.

तर दुखणं. ते लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून आहे. जागा केवढी म्हणाल, तर शर्टाच्या बटणाएवढी, त्या नाव न घ्यायच्या जागेच्या अगदी तोंडाशी. तिथे काही टेकलं की मिरची कुटलेला हात डोळ्याला लागावा तशी आग होते. नवरा जवळ आला की होतेच, पण एरवीही सलवारीची शिवण टोचते, रिक्षाची सीट टोचते, खुर्ची टोचते. मी वर्गात कधीच बसत नाही. मागच्या शिक्षक दिनाला मुख्याध्यापकांनी भर सभेत सांगितलं की हादिया मॅडम सहा-सहा तास उभ्या राहून शिकवतात, अशी तळमळ आजकाल बघायला मिळत नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या मधोमध मी उभी होते आणि मला हसावं की रडावं कळेना.

पहिल्या सुट्टीत मी नोमानला सांगितलं होतं. चौथा का पाचवा दिवस असेल. मला दुखतं, एवढंच म्हटलं. तो म्हणाला, सवय होईल. वाईट मनानं नाही म्हणाला. त्याला कुणा मित्रानं तसंच सांगितलं असणार, आणि त्या मित्रालाही आणखी कुणीतरी. मीही मान डोलावली. पुढे सवय झाली ती तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाण्याची.

डॉक्टर झाले. एकीनं इन्फेक्शन म्हणून मलम दिलं, दुसरीनं ते मलम बंद करून दुसरं दिलं. तिसरी म्हणाली, रिलॅक्स व्हायला शिका, एक मूल झालं की सगळं ठीक होतं. अहो बाई, मूल होण्यासाठी जे करावं लागतं त्याचीच तर मी तक्रार घेऊन आले होते. रिपोर्ट दर वेळी नॉर्मल. नॉर्मल हा शब्द मला शिवीसारखा वाटायला लागला. माझ्या आईला अर्धंमुर्धं सांगितलं, तर तिनं दंडाला तावीज बांधला. स्टाफरूममध्ये एकदा कुणीतरी ती म्हण टाकली, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले. आमच्याकडे जावई एसीचा मेकॅनिक, एवढाच फरक.

मग दुसऱ्या सुट्टीत मला एक वाट सापडली.

आमच्यात पाळीच्या दिवसांत बाईला नमाज माफ असते, रोजा माफ असतो, आणि नवऱ्यालाही लांब राहावं लागतं. हे सगळं एकाच दोरीला बांधलेलं आहे. त्यातून आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. इतरांत पाळीचे फार तर दहा दिवस धरतात, शाफईंत पंधरा. नोमानला हे लहानपणी शिकवलेलं, त्यामुळे पंधरा दिवस ऐकून त्याला कधी शंका आली नाही. माझी पाळी खरी पाच दिवसांची. वरचे दहा दिवस मी चोरले. नशिबानं तो आला आणि पाळी आली, असं जुळलं की सुट्टीचे तीन सारखे भाग पडायचे. पंधरा दिवस सुटका, पंधरा दिवस दात आवळून, पुन्हा पंधरा दिवस सुटका. गणिताच्या बाईचं गणित हे असं कामाला आलं.

चोरी म्हणजे काय, तर सहाव्या दिवशी अंघोळ करून पाक, म्हणजे शुद्ध, व्हायचं, पण घरात ते दिसू द्यायचं नाही. ओले केस घट्ट बांधून वर स्कार्फ. जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, घडी घालून कपाटावर, तो तसाच ठेवायचा. नमाज शाळेच्या लायब्ररीत, नकाशांच्या कपाटाआड. नोमान त्या दिवसांत फार चांगला वागायचा. गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचा, चहा करायचा, केसांवरून हात फिरवायचा. तेवढ्यावर तो थांबणार हे माहीत असायचं, म्हणून मला तो हात आवडायचा. खरं सांगायचं तर मी नवऱ्यावर प्रेम केलं ते त्या चोरलेल्या दहा दिवसांतच.

या जानेवारीत खारघरला, बेलपाड्याच्या बाजूला, डॉक्टर आभा म्हणून एक बाई भेटली. तिनं रिपोर्टांची फाईल उघडलीसुद्धा नाही. काडीला लावलेला कापूस घेतला आणि घड्याळाचे आकडे मोजावेत तशी एकेका जागी हलकेच टेकवत गेली. पाचवर आली आणि मी टेबलावरून जवळजवळ खाली पडले. ती म्हणाली, इथे दुखतं, हे खरं दुखणं आहे, तुमच्या मनाचा खेळ नाही. मी हमसाहमशी रडले. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या जागेवर बोट ठेवून हो म्हटलं होतं.

त्या दुखण्याला नावसुद्धा आहे. व्हल्व्होडायनिया. मी ते घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. बधिर करणारं मलम, झोपताना एक छोटी गोळी, आणि तिथले आवळून बसलेले स्नायू सैल करायचे व्यायाम, जे एक फिजिओथेरपीवाली शिकवते. काही महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाली. तोवर जवळीक बंद करायची नाही, जे दुखतं ते बंद करायचं. आणि पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या, हे एकटीनं बरं करायचं दुखणं नाही. ते परदेशी असतात म्हटलं, तर म्हणाली, फोनवर आणा. हो म्हणाले आणि घरी आले. फोन रोज यायचा. रोज मी जेवण, शाळा, अम्मींचे गुडघे, सगळं सांगायचे. ते एक सोडून.

काय सांगणार होते? दुखतं हे सांगायचं म्हणजे दर सुट्टीत खोटं बोलले हेही सांगायचं. ते ऐकल्यावर कोणता माणूस म्हणेल की बरं झालं सांगितलंस?

फेब्रुवारीत तो आला, तिसऱ्या रोज्याला, आणि बॅग उघडायच्या आधीच बातमी दिली. त्याला कंपनीकडून फॅमिली व्हिसा मिळणार होता. शाळेचं वर्ष संपलं की तू ये म्हणाला. दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय, खिडकीतून समुद्र दिसतो. बोलताना त्याचा चेहरा असा फुललेला की मला बघवेना.

मला जायचं होतं. हे नीट ऐका, कारण लोकांना वाटतं असल्या बाईला नवरा नकोच असतो. सहा वर्षं मी दुहेरी पलंगावर भिंतीच्या बाजूला झोपते आणि दुसरी उशी रोज झटकून ठेवते. ईदला नवीन कपडे घालून दाखवायचे तर फोनच्या पडद्याला. मला नवरा हवा होता, रोज संध्याकाळी घरी येणारा. पण तिथे पंचेचाळीस दिवस नव्हते, तीनशे पासष्ट होते. पंधराचा पाढा कुठवर पुरणार? एक तर मी त्याला सगळं सांगायचं, नाहीतर काही कारण काढून इथेच राहायचं आणि हे लग्न फोनवर हळूहळू विझू द्यायचं. तिसरं उत्तर नव्हतं.

त्यात सुट्टी आली रमजानात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. पहिले तीन दिवस थकवा, पेपर तपासणी, असली कारणं पुरली. सहाव्या रोज्याला पाळी आली आणि मी सुटले. पाच दिवस खरीखुरी माफी होती. आमच्यात अशा दिवसांत बाई स्वयंपाकघरात दाराआड बसून खाते, कुणी तिकडे बघत नाही, विचारत नाही. अम्मी माझं ताट झाकून ठेवायच्या. भात, डाळ, एखादा मासळीचा तुकडा.

अकराव्या रोज्याला पंचाईत झाली. एरवीच्या सुट्टीत खोटं टिकवायला जानमाजाची घडी न मोडणं पुरायचं. रमजानात ते टिकवायला खावं लागत होतं. दाराआड बसले, ताट पुढ्यात घेतलं, घास उचलला. तोंडापर्यंत नेला आणि हात थांबला. नवऱ्याशी खोटं बोलणं मला जमत होतं, देव मला माफ करो. पण पाक असताना रोजा खाणं जमेना. सात वर्षांची होते तेव्हा पहिला रोजा धरला होता, तेव्हा आईनं गळ्यात फुलांचा हार घातला होता. तो हार आठवला आणि मी घास परत ठेवला.

मग रोजचंच झालं. पहाटे सेहरीचं खायला सगळे उठायचे, मी झोपेचं सोंग घ्यायचे. रात्री प्यालेल्या पाण्यावर दिवस काढायचे. शाळेत दहावीच्या परीक्षेचं सुपरव्हिजन, तीन तास उभं. घरी आलं की अम्मींनी झाकलेलं ताट घेऊन मागच्या गॅलरीत, तिथे शेजारच्या बिल्डिंगमधली एक मांजर यायची. चार दिवसांत ती चांगली गुबगुबीत झाली. सूर्यास्ताला मगरिबची अजान झाली की भजी तळता तळता एखादं तोंडात टाकायचं आणि ओट्याकडे तोंड करून गटागटा पाणी प्यायचं. शाळेत मी रोजेदार, घरी मी सुट्टीवर. मला माझीच कीव यायची आणि रागही यायचा.

चौदाव्या रोज्याला दुपारी मी गॅलरीत बसले होते. मांजर मन लावून बांगडा खात होती. दार वाजलं नाही, अम्मी थेट आत आल्या. नोमान इफ्तारीच्या खरेदीला बाहेर गेला होता. मी ताट लपवायला गेले, पण ताट काय लपणार. वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. अम्मींनी गॅलरीचं दार ओढून घेतलं, पाटावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, मसाल्याचं नको घालूस तिला, सोसत नाही मांजरांना.

मग म्हणाल्या, अकराव्या रोज्याला सकाळी तुझा स्कार्फ मागून ओला होता. तुझी चोरी मला दुसऱ्याच वर्षी कळली होती.

त्या मांजरीकडे बघत बोलत राहिल्या. सासरे नऊ-नऊ महिन्यांनी जहाजावरून यायचे. दीड-दोन महिने राहायचे. सगळा मोहल्ला भेटायला यायचा, साबणं-अत्तरं वाटली जायची, आणि अम्मी ते जायचे दिवस मोजायला लागायच्या.

"माझेही पंधराच असायचे," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, तुम्हालाही तिथेच? त्यांनी मान फिरवली. पासष्ट वर्षांच्या बाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आग, एवढंच म्हणाल्या. नोमानच्या आधी, नोमानच्या नंतर, सासरे जाईपर्यंत. कुणाला सांगितलं का म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. कुणाला सांगणार, आणि सांगून काय झालं असतं. दीड महिन्याचा तर प्रश्न असतो गो, निभावून न्यायचं. माझ्यावर उपकार करायला त्यांनी तोडही काढली. कतारला जाऊ नकोस. माझी तब्येत बरी नसते, एकटीला टाकून कशी जाऊ, असं सांग त्याला. मी पडते आजारी.

त्या खरंच पडल्या असत्या. स्वतःच्या मुलाच्या तोंडावर खोटं बोलून माझ्यासाठी खाट धरली असती. इतकी माया मला माझ्या आईनंही दाखवली नव्हती, आणि मी त्या घटकेला हो म्हणणारही होते. सोपं होतं. सहा वर्षं गेली तशी आणखी तीस.

पण उठता उठता त्या एक बोलून गेल्या. सासरे वारले तेव्हा अम्मींच्या डोळ्यातून टिपूस आला नाही, हे नातेवाईक अजून बोलून दाखवतात. त्यावरच असेल.

"ते गेले तेव्हा आधी वाटलं, सुटले. मग वाटलं, माणूस कसा होता ते आपल्याला कळलंच नाही. मी सदा घाबरलेली. बघणार कधी?"

एवढं बोलून त्या कांदा चिरायला गेल्या. मी मात्र गॅलरीतच राहिले. सहा वर्षं एका भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे त्या, एकच दुखणं आणि दोघी गप्प. आणि नोमानचं काय? तो माणूस कसा आहे, हे तरी मला कुठे माहीत होतं?

सोळाव्या रोज्याला शाळेला सुट्टी होती. उरणला नोमानच्या आत्या, मुबीना फुफी, राहतात, त्यांना इफ्तारीचं सामान पोचवायचं होतं. नोमाननं त्याच्या दोस्ताची, अबरारची गाडी आणली. येताना म्हणाला, करंजाला जाऊ, ताजी मासळी घेऊ अम्मीसाठी. लिलाव केव्हाच उरकला होता. बंदरात होड्या लागलेल्या आणि बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. ऊन मी म्हणत होतं. गाडीतल्या बसण्यानं माझी आग आग होत होती, म्हणून मी उतरून धक्क्यावर उभी राहिले. बोंबील उलटणारी एक कोळीण म्हणाली, "बाय, ऊन लय हाय, बस ना सावलीला." मी नुसतं हसले.

नोमान कुठेतरी गेला आणि हातात थंड पाण्याची बाटली आणि कागदात बांधलेला वडा घेऊन आला. बाटलीवर घाम सुटलेला. त्याचा स्वतःचा रोजा, ओठ सुकलेले. तुझा तर रोजा नाही, पी, म्हणाला. माझ्यामुळे उपाशी राहू नकोस. लोकांनी बघू नये म्हणून तो माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये आडोसा करून उभा राहिला.

बाटली हातात होती, आणि तो मला आडोसा करत होता.

"माझा रोजा आहे," मी म्हटलं.

त्याला कळेना. तुझी तर सुट्टी चालू आहे ना, म्हणाला. मी म्हटलं, ती दहाव्या रोज्यालाच संपली. दर सुट्टीत पाचच दिवसांची असते. त्याच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला मला दिसत होता, आणि तो जिथे पोचला तेही दिसलं. अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, कुणी दुसरं आहे का?

आता बोलले नाही तर कधीच नाही, हे मला कळलं. डॉक्टरीणबाईचं ते लांबलचक नाव तोंडात आलंच नाही.

"तू जवळ आलास की मला तिथे आग होते. पहिल्या दिवसापासून. तू मला हवा आहेस, ती आग नको."

सगळ्या वेळी का, त्यानं विचारलं. सगळ्या वेळी, मी म्हटलं. मला वाटायचं तू लाजतेस, तो म्हणाला. मग एकदम रागानं म्हणाला, सांगितलं का नाहीस मला?

"सांगितलं होतं. तू म्हणालास, सवय होईल."

त्याला आठवलं. चेहऱ्यावरून कळलं की अगदी स्वच्छ आठवलं. तो धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी हातातलं पाणी आणि वडा त्या कोळणीला देऊन टाकला.

परतीच्या वाटेवर त्यानं समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही. पण गाडी हळू चालवत होता. उरणच्या रस्त्यावर कंटेनरची वर्दळ, खड्डे, मागून ट्रेलर हॉर्न वाजवून कान किटवत होते, आणि नोमान, जो एरवी गाडी उडवत नेतो, प्रत्येक खड्ड्याशी जवळजवळ थांबत होता. पनवेल जवळ आल्यावर त्यानं फक्त विचारलं, आत्ता दुखतंय? थोडं, मी म्हटलं. त्यानं मान हलवली.

त्यानंतर तो हॉलमध्ये झोपायला लागला. उकडतं म्हणाला. जेवताना माझ्याकडे बघेना, गरम पाण्याची पिशवी नाही, केसांवरून हात नाही. व्हिसाचे कागद टीव्हीखालच्या खणात होते तसेच पडलेले. मला वाटलं होतं, सांगितलं की छाती हलकी होईल. कसली हलकी? आधी खोटं बोलून एकटी होते, आता खरं बोलून एकटी झाले. आधी निदान रोज तो हात तरी होता. तीन दिवस मी पुन्हा पुन्हा त्या बाटलीचाच विचार करत होते. एक घोट प्याले असते तर सगळं होतं तसं राहिलं असतं.

चौथ्या दिवशी, म्हणजे विसाव्या रोज्याला, माझ्या चोरीचा शेवटचा दिवस होता. अम्मींनी दस्तरखान अंथरलं आणि रोजच्यासारख्या खजुराच्या दोन बशा मांडल्या. एक त्यांची, एक नोमानची. मी भज्यांची कढई उतरवून दारात उभी होते. नोमान उठला, आत गेला, तिसरी बशी घेऊन आला. तिच्यात मोजून तीन खजूर ठेवले आणि स्वतःच्या शेजारी ठेवली. खाली माझ्या बसायला त्याची उशी दुहेरी करून ठेवली.

"अम्मी, हादियाचाही रोजा आहे. आधीपासून होता. माझ्यामुळे तिला लपवावा लागला."

अम्मींचा हात बशीवरच राहिला. तो पुढे म्हणाला, येत्या बुधवारी आम्हाला दोघांना खारघरला जायचं आहे, डॉक्टरकडे. कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही, अम्मींनी विचारलं नाही. मी येऊन उशीवर एका अंगावर टेकले. अजान झाली. नोमाननं खजूर तोंडात घातला, मीही घातला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओट्याकडे तोंड न करता. पण त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, आणि बशी ठेवताना बोटाला बोट लागू नये म्हणून त्यानं हात किती जपून मागे घेतला होता, ते मी बघितलं होतं. आता तो मला हात लावायलाही घाबरतो. ते कधी जाईल, जाईल की नाही, मला माहीत नाही. कतारचे कागद अजून खणातच आहेत.

पाणी पिऊन तो नमाजला मशिदीत गेला. मी कपाटावरचा जानमाज काढला, झटकला, मगरिब पढले आणि भांडी उचलून आत नेली. अम्मी माझ्या मागोमाग आल्या. स्वयंपाकघराचं दार त्यांनी लोटून घेतलं. मुठीत खजूर तसाच होता, अजून रोजा सोडला नव्हता. मी म्हटलं, अम्मी, आधी पाणी प्या. त्यांना ते ऐकू गेलं नाही.

"सांगितलंस तू त्याला?"

हो, मी म्हटलं.

"काय म्हणून सांगितलंस? कुठल्या शब्दांत?"

मी सांगितलं. करंजाच्या धक्क्यावर जे बोलले होते तेच, जसंच्या तसं. तू जवळ आलास की मला तिथे आग होते. तू मला हवा आहेस, ती आग नको. बोलून व्हायला किती वेळ लागणार.

अम्मी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलले, आवाज न करता त्यांनी ते शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.